सर्वो तुझ्या कानाने निवड

गिरिजा,

सात रस्ता चौकात कानाच्या डॉक्टरांकडे जातोय. वेळ लागेल. शाळेतून आल्यावर कडक भाकरी आणि चटणीवर भागवू नकोस, आमटी गरम करून जेव.

रविवारी तुझं रिमोटचं विमान नाकावर आपटलं, तेव्हा सगळ्या मुलांसमोर मी म्हणालो, "स्टिक जोरात ओढलीस की तू." चूक तुझी नव्हती. शेपटीची पट्टी हलवणारी ती छोटी मोटर, तो सर्वो, आज सकाळी मी पुन्हा जोडला आणि कानाशी धरला. मला काहीच ऐकू आलं नाही. तेवढ्यात तुझी आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अप्पा, मघापासून काय गुणगुणतंय हो ते?"

स्टिक मधोमध असताना चांगला सर्वो गप्प बसतो, हे मीच तुम्हाला शिकवलं. हा खराब सर्वो मला गप्प वाटला आणि मी तो तुझ्या विमानात बसवला. ऐकू कमी येतंय हे मला दिवाळीपासून ठाऊक होतं. मुलांपुढे म्हातारं दिसायचं नव्हतं, दुसरं काय.

टेबलावर चार नवे सर्वो आहेत. मी एकही तपासलेला नाही. एकेक जोडून नीट ऐक. वरची दांडी बोटाने हलवून बघ, ढिली लागली तर तो बाजूला ठेव. आतल्या चाकांचे दाते धातूचे आहेत म्हणून लगेच विश्वास ठेवू नकोस.

पुन्हा विमान उडवणार नाही म्हणालीस, ते तुझं तू ठरव. पण चूक कुणाची होती हे मी या रविवारी मैदानात सगळ्यांसमोर सांगणार आहे. तेवढ्यासाठी तरी ये.

अज्जा