जादा चाक, तलावावरची झोपडी आणि बाकीची मालमत्ता

मृत्युपत्र लिहून ठेवणार: मी, रिस्तेन उत्सी, वय चौऱ्याहत्तर, धंदा रेनडियर पाळणे आणि लोकांच्या स्नोमोबाइल दुरुस्त करणे, राहणार कारासयोकच्या वरच्या अंगाला, नदीकाठी. हे मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने आणि नशापाणी न करता लिहीत आहे. सकाळपासून कॉफी तेवढी झाली आहे. ‘राजीखुशीने’ हा शब्द वकीलबाईंच्या आग्रहाखातर घातला. खुशी फारशी नाही.

कलम १. मला मूलबाळ नाही. नवरा योव्ना वारला. त्याच्या मागे त्याचा धाकटा भाऊ पिएरा याला कायद्याने जो वाटा मिळायचा होता, तो त्याने तेव्हाच रेनडियरांत घेतला आणि घेताना धडधाकट माद्या निवडून घेतल्या. आता जे उरले आहे ते फक्त माझे आहे.

कलम २. घर, बँकेतली शिल्लक आणि माझी कानखूण असलेले सगळे रेनडियर माझ्या बहिणीची मुलगी एल्ले हिला द्यावेत. एल्ले, वासरांच्या कानांवर खूण करताना चाकूला धार ठेव. तू घाई करतेस.

कलम ३. ड्रिल, पान्यांचे दोन्ही संच आणि शेडमधले सगळे सामानही एल्लेलाच. बाईमाणसाला एवढे पाने कशाला, असे म्हणत गावातले कुणी मागायला आले तर देऊ नयेत. गाडी बंद पडली की हेच लोक टोपी हातात घेऊन माझ्या दारात उभे राहत.

कलम ४. माझ्या शवपेटीला पिएराने हात लावू नये. दफनानंतरची कॉफी कडक करावी; योव्नाच्या वेळी ती पाणचट झाली होती.

कलम ५. हे कलम पिएराबद्दल आहे आणि त्यामागचे कारण लिहिल्याशिवाय मला सही करवणार नाही.

वसंतात वारा तलावावरचे भुसभुशीत हिम उडवून नेतो आणि खाली नुसता निबर बर्फ उरतो. स्नोमोबाइलचा रबरी पट्टा आतल्या प्लास्टिकच्या घसरपट्ट्यांवर घासत फिरतो आणि त्यांना गार ठेवायला हिम लागते. ते नसले की प्लास्टिक वितळते, पट्टा चिकटतो आणि गाडी जागीच बसते. म्हणून मी आमच्या गाडीच्या मागच्या सस्पेन्शनमध्ये, मधल्या आडव्या दांड्यावर, एक जादा चाक बसवले. इंजिनाशी त्याचा संबंध नाही. पट्ट्याखाली फिरायचे आणि भार उचलायचा, एवढेच त्याचे काम. ते दांड्यावर सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंना रेनडियरच्या शिंगाच्या चकत्या कापून घातल्या.

पिएराने ते पाहिले आणि चारचौघांत म्हणाला, “वहिनी, आणखी पाचसहा बसव की! आगगाडीच होईल. रूळ मी टाकतो.” सगळे हसले. योव्नाही हसला. पुढच्या वर्षी मात्र दुकानात उभा राहून हाच पिएरा लोकांना सांगत होता की ही युक्ती मूळ त्याची.

मग एका ईस्टरच्या आठवड्यात तो आमची गाडी मागून घेऊन गेला. परत आणली तेव्हा म्हणाला, “टाकी भरून दिलीय, वहिनी. उगाच बोलायला जागा नको.” त्याच दिवशी योव्ना ती घेऊन इएश तलावापलीकडे कळपाकडे निघाला. तलावाच्या मध्यावर गाडी बसली. वाऱ्याला तोंड देत तो चालत राहिला. लोकांना सापडला तेव्हा पायाची बोटे गेलेली होती आणि छाती भरलेली होती.

गाडी ओढून आणल्यावर मी ती आडवी पाडली. दांडा रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी नदीवर ईस्टरची शर्यत होती. भाऊ दवाखान्यात आणि हा शर्यतीत. पहिला आला. मी सगळ्यांच्या देखत त्याच्या गाडीखाली वाकून पाहिले. माझे चाक तिथे होते, शिंगाच्या चकत्यांसकट.

“हे काय?” मी विचारले.

“अगं, चार दिवसांपुरतं घेतलं होतं. परत लावणारच होतो,” तो म्हणाला. “आणि एका चाकाने असं काय होतंय, वहिनी?”

मी पाना मागून घेतला आणि चाक तिथेच काढले.

योव्नाला दवाखान्यात हे सांगितले. तो म्हणाला, “ठाऊक आहे मला. तरी माझा भाऊच आहे तो, रिस्तेन. तुझ्या मागे गाडी आणि तलावावरची झोपडी त्याला जाऊ दे. तसं लिहीन म्हण.”

“लिहीन,” मी म्हटले. दोन दिवसांनी तो गेला. मला त्याचा राग आला होता, अजूनही येतो. क्षमा त्याने करून टाकली आणि ती निभवायला मला मागे ठेवले. पिएराच्या तोंडून मात्र एकदाही ‘चुकलो’ निघाले नाही. झोपडी मासेमारीला येणाऱ्या पाहुण्यांना भाड्याने देता येईल, एवढे तो दर उन्हाळ्यात येऊन सुचवतो.

तेव्हा शब्द पाळून लिहिते: स्नोमोबाइल आणि इएश तलावावरची झोपडी मी पिएरा उत्सी यास देत आहे.

कलम ६. या मृत्युपत्रातले जे देणे कोणत्याही कारणाने रद्द ठरेल, ते एल्लेला मिळावे.

कलम ७. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. साक्षीदाराला त्याच मृत्युपत्रात काही दिले असेल तर ते देणे कायद्याने रद्द होते. अशी चूक करू नका म्हणून वकीलबाईंनी मला हे दोनदा समजावले. मी त्यांचे आभार मानले आणि पिएराला साक्षीला यायचा निरोप धाडला.

तो आता समोर बसून, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे, कॉफीत सुके मांस कापून टाकत आहे. आल्या आल्या विचारले, “माझं नाव आहे ना त्यात?” मी वरचा-खालचा मजकूर दोन्ही हातांनी झाकून कलम पाचची शेवटची ओळ तेवढी दाखवली. त्याचे डोळे भरून आले. “मन मोठं आहे हो तुझं, वहिनी,” म्हणाला. “आण इकडे. कुठे करायची सही?”

(सही) रिस्तेन उत्सी

आम्ही खाली सही करणारे सांगतो की रिस्तेन उत्सी हिने हे आपले मृत्युपत्र असल्याचे सांगून आमच्यादेखत त्यावर सही केली. त्या वेळी ती पूर्ण शुद्धीत होती आणि आपण काय करत आहोत हे तिला नीट कळत होते.

साक्षीदार: (सही) तोरून हेग्गे, घरी येणारी परिचारिका
साक्षीदार: (सही) पिएरा उत्सी, दीर

स्थळ: कारासयोक
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२२