पिवळा वर, निळा खाली

१२ जानेवारी
“हे चित्र उलटं टांगलंय बघ.” दवाखान्यातल्या बाकावर नवरा म्हणाला होता, तेव्हा तो माझा नवरा होता. मी त्याला वेड्यात काढलं होतं.
आज फ्रेमच्या दुकानात तेच चित्र दिसलं. छापील प्रत, ढिगात मागे. निळा वर, पिवळा खाली, खालच्या कोपऱ्यात चित्रकाराची सही. म्हणजे त्याचंच खरं होतं! हसू आलं. मग बसायला दुकानदाराकडे स्टूल मागितलं.

१३ जानेवारी
दर तपासणीला आम्ही त्या चित्रासमोर बसायचो. पिवळा वर, निळा खाली — मला ते उजाडल्यासारखं वाटायचं. त्या पिवळ्यावरूनच त्याला नाव सुचलं. मुलगीच होणार, हे त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं.
सातव्या महिन्यात डॉक्टरीणबाई पोटावर मशीन फिरवत राहिल्या. फिरवतच राहिल्या. बाहेर आलो तर चित्र तसंच.
मुलगीच होती.
त्यानंतर आम्ही एकमेकांशी फार जपून बोलायला लागलो. इतकं जपून, की हळूहळू बोलणंच संपलं. घटस्फोटसुद्धा कुणाचा आवाज न चढता झाला.

१६ जानेवारी
प्रत घेतली. फ्रेमवाल्याला म्हटलं, हूक खालच्या बाजूला लावा. मला उलटंच हवंय.
“ताई, सही डोक्यावर जाईल. लोक हसतील मला.”
“माझ्याकडे येतंय कोण हसायला?”
“मी येणार ना टांगायला!”
बराच वेळ कुरकुरला. शेवटी कडेच्या पांढऱ्या पट्टीखाली सही झाकून टाकली. म्हणाला, “आता खुद्द चित्रकार आला तरी चूक काढणार नाही.”

२१ जानेवारी
टांगलं. सोफ्यासमोर. चहा तसाच गार झाला.

२४ जानेवारी
त्याच्या बहिणीचा फोन. नातं तुटलं तरी ती अजून वहिनीच म्हणते. आधी गुडघेदुखी, मग पाहुणे. नेहमी असं घोळवत नाही ती.
“वहिनी, बाहेरून कळण्यापेक्षा मीच सांगते. दादाला मुलगी झाली.”
“छान झालं,” म्हटलं. मनापासून म्हटलं. दोघी बऱ्या आहेत ना, विचारलं.
“हो, बऱ्या आहेत. नाव... तेच ठेवतोय गं तो. मी म्हटलं त्याला, अरे, वहिनीला काय वाटेल? तर म्हणतो, मला विसरायचं नाहीये.”
मी तिलाच समजावत बसले. रडत होती बिचारी.

२५ जानेवारी
त्याला निरोप पाठवला. जसाच्या तसा इथे उतरवते.
“अभिनंदन. नाव तूच शोधलंस, तेव्हा हक्क तुझाच. तू नाही म्हणशील, तेही माहीत आहे. तरी मागते — हिला दुसरं कुठलंही नाव ठेव. उद्या हिला कुणी हाक मारली, तर आपलीला मी काय म्हणू?”