भिंतीसमोरचा राजा

११ जानेवारी १९८८, सोमवार. बर्न्ली.
नवी वही, नवं नाटक. नाटक तसं जुनंच, पन्नास वर्षांपूर्वी गाजलेलं. एका फिरत्या नाटक कंपनीच्या पडद्यामागची कहाणी. ते आता पुन्हा रंगमंचावर येतंय आणि मला सर ऑगस्टसची भूमिका मिळाली आहे. सर ऑगस्टस म्हणजे कंपनीचा मालक आणि बडा नट. अडीच तास सगळी पात्रं त्याच्याबद्दलच बोलतात. म्हणजे माझ्याबद्दल. वय सदुसष्ट आणि प्रमुख भूमिका. लायोनल थ्रप, देर आए पण दुरुस्त आए!
संकल्प: सिगारेट आजपासून बंद. रोज सकाळी आवाजाची मेहनत. फिलिपाला पत्र.

१२ जानेवारी
पहिलं वाचन झालं. एजंट फोनवर एक बारीकशी गोष्ट सांगायची विसरला. सर ऑगस्टस रंगमंचावर येत नाही. प्रेक्षकांना दिसते ती त्याची मेकअपची खोली. तो स्वतः कायम पलीकडे, कंपनीच्या स्टेजवर म्हाताऱ्या राजाचं काम करत असतो. इकडे ऐकू येतो फक्त त्याचा आवाज.
पण वाक्यं दोनशे चौदा! मोजली. माझ्या नोकराचं काम करणारा नायजेल मोठा हिरो समजतो स्वतःला, त्याची एकशे नव्वद.
टॅम्सिन, आमची दिग्दर्शिका, तिशीची पोर, म्हणाली, लायोनल, अहो तुमच्या आवाजावरच तर सगळा डोलारा उभा आहे. पोरीला समज आहे.
सिगारेट एकच. वाचनाचा ताण होता.

१४ जानेवारी
फिलिपाला पत्र टाकलं. ‘प्रमुख भूमिका’ असं लिहिलं. खोटं काहीच नाही त्यात. ती राहते लँकेस्टरला, इथून तासाभरावर. माझं काम तिने शेवटचं पाहिलं त्याला अकरा वर्षं झाली. मधे तिचं लग्न झालं, त्याला मला जाता आलं नाही. शनिवार होता, हल शहरात दोन प्रयोग होते, माझं काम दुसऱ्या पहारेकऱ्याचं. दुसऱ्या पहारेकऱ्याशिवाय किल्ला कसा राखणार? ती तेव्हा फोनवर म्हणाली होती, ठीक आहे, बाबा. समजूतदार मुलगी. माझ्यावर गेली आहे.

२१ जानेवारी
तालीम स्टेजवर. माझी जागा नेपथ्याच्या मागे, तोंड थिएटरच्या मागच्या भिंतीकडे. कारण नाटकातले प्रेक्षक तिकडे बसलेत असं धरायचं. समोर विटांची भिंत, वाळूची बादली आणि ‘धूम्रपान मनाई’ची पाटी.
खऱ्या नटाला काय फरक पडतो? दुसऱ्या ओळीत एक टवका उडालेली वीट आहे. तिच्याकडे बघून बोलतो. वाईट प्रेक्षक नाही. चुळबुळ करत नाही.

२५ जानेवारी
टॅम्सिनला सुचवलं की शेवटी राजाने एकदाच आत यावं. बोलायचं नाही, नुसतं यायचं. तिने हसून माझा दंड थोपटला. म्हणाली, अहो, तो दिसत नाही यातच तर गंमत आहे. नाटककार मेला नसता तर त्याच्याशीच बोललो असतो.
फिलिपाचं कार्ड आलं. ‘बाबा, वीस फेब्रुवारी, शनिवार, दुपारच्या प्रयोगाला येते. मुलांना आणत नाही, धिंगाणा घालतील. खोकला कसा आहे?’
खोकला! मला खोकला कधी होता?

२६ जानेवारी
रात्रभर विचार केला. फिलिपाला मी दिसलोच पाहिजे. ती येणार, अडीच तास नायजेलचं थोबाड बघणार आणि जाणार, हे होऊ देणार नाही.

२९ जानेवारी
सापडलं! दुसऱ्या अंकात मोलकरणीचं काम करणारी मॉरीन चहाचा ट्रे घेऊन खोलीत येते. हात अडकलेले, म्हणून दार पाठीने ढकलते. दार चार सेकंद उघडं राहतं. जेवणाच्या सुट्टीत माझ्या जागेवर उभा झाडू ठेवला, त्यावर माझा मुकुट अडकवला आणि प्रेक्षागृहातल्या एकेका खुर्चीवर बसून पाहिलं. मॉरीनने सात वेळा दार ढकललं, आठव्यांदा म्हणाली, आता तुमचे तुम्ही ढकला. इंग्रजी ‘जी’ अक्षराची ओळ, तीन नंबर. तिथून झाडू स्वच्छ दिसतो. जी चारवरून नुसती दांडी.
आमची स्टेज मॅनेजर ग्वेन, वेल्सची, जिभेला हाड नाही. कमरेवर हात ठेवून म्हणाली, लायोनल, झाडूला काम दिलंत वाटतं? निदान तो खोकत तरी नाही.
वीस तारखेचं जी तीन राखून ठेवलं. राजा त्या क्षणी दुःखाने पाठ फिरवून दाराकडे बघतो, असा अर्थ मला भूमिकेत नुकताच सापडला आहे.

४ फेब्रुवारी, पहिला प्रयोग
सात वाजायला पाच कमी. प्रयोग साडेसातचा, पण अर्ध्या तासाची हाक रिवाजाने पाच मिनिटं आधीच देतात. ग्वेनने दारावर टकटक केली. मिस्टर थ्रप, अर्धा तास! एरवी लायोनल म्हणते, पण ही हाक देताना मिस्टर. बेचाळीस वर्षं ही हाक ऐकतोय, अजून ऐकली की उठून उभा राहतो.
मुकुट घातला. कोणी सांगितलं नव्हतं. एकसष्टच्या दौऱ्यातला आहे, एक टोक गेलंय. शेवटच्या भाषणानंतर टेपवर टाळ्या वाजतात, ठरल्याप्रमाणे. मी भिंतीला वाकून नमस्कार केला. मग खऱ्या टाळ्या झाल्या, त्यात मला सगळ्यांबरोबर पुढे बोलावलं. साध्या कोटातच जा असं टॅम्सिनचं म्हणणं. लोकांना मी कोण ते कळलं नसावं. पहिल्या रांगेतली बाई नवऱ्याला काहीतरी विचारत होती.

९ फेब्रुवारी
पेपरात परीक्षण. नायजेलबद्दल दोन परिच्छेद. माझ्याबद्दल: ‘पलीकडून येणारे आवाज परिणामकारक.’ अनेकवचन वापरलंय. एकटा माणूस इतक्या सुरांत बोलू शकतो, हे त्यांना खरंच वाटलं नाही.

१० फेब्रुवारी
काल नायजेलच्या हळव्या प्रसंगात मागून खोकला ऐकू आला आणि लोक हसले. नायजेल चिडून मागे आला, म्हणाला, म्हातारबुवा, एक तर मरा नाहीतर औषध घ्या. मी शांतपणे सांगितलं, मी नाही खोकलो, राजा खोकला. म्हाताऱ्या राजाला खोकला असायचाच.
शिवाय म्हणे माझ्या आवाजापुढे पुढच्या नटांचं बोलणं ऐकू येत नाही. ही तक्रार की स्तुती?

१२ फेब्रुवारी
सकाळी रिकाम्या थिएटरात माझी सगळी वाक्यं टेप करून घेतली. खोकल्याच्या गोळ्या, लिंबू, मध, काय थाट! टॅम्सिनने एकेक वाक्य दहा दहा वेळा म्हणवलं. बहुधा संग्रहासाठी असावं. पुढच्या पिढ्यांना उपयोगी पडेल.

१३ फेब्रुवारी
संग्रहासाठी नव्हतं. आजपासून टेपच वाजणार. टॅम्सिनने हे ग्वेनला सांगायला लावलं. ग्वेनने आधी चहा आणून दिला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. म्हणाली, तुम्ही या, हजेरीची सही करा, खाली आपल्या खोलीत शेकोटीशी बसा. नाव आहेच की नाटकाच्या पत्रिकेत.
प्रमुख नटाला असंच जपतात. रेसच्या घोड्याला नांगराला जुंपत नाहीत.
सिगारेटी सात.

१७ फेब्रुवारी
खोलीत स्पीकर आहे, त्यावर वरचं सगळं ऐकू येतं. बसल्या बसल्या स्वतःला ऐकलं. चांगला आहे. तिसऱ्या अंकात थोडी घाई करतो, त्याला सांगायला हवं.
ग्वेन आजही दारावर येऊन म्हणाली, मिस्टर थ्रप, अर्धा तास. मी म्हटलं, आता कशाला? ती म्हणाली, नाव आहे तोवर हाक आहे. आणि भर्रकन गेली. डोळ्यांत काहीतरी गेलं माझ्या.
तिला शनिवारबद्दल विचारलं. फिलिपा येणार आहे, मी नुसता मागे उभा राहू का? तिने हातातली यादी घडी करून खिशात घातली. मग म्हणाली, राहा. पण आवाज काढायचा नाही. ओठसुद्धा हलवायचे नाहीत. दारापर्यंत गेली, परत आली. बरं, ओठ हलवा.

२० फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळचे सहा.
जसं झालं तसं लिहितो.
मुकुट घातला, दाढीला पावडर लावली. टवक्याच्या विटेसमोर उभा राहिलो. वर माझा आवाज, खाली माझे ओठ. अक्षर न् अक्षर जुळत होतं. ट्रेची वेळ आली. मी पाठ फिरवली. मॉरीनने दार ढकललं, आणि देव तिचं भलं करो, ती दारातच अडखळल्यासारखी थांबली. चार सेकंदांचे सहा झाले असतील.
फिलिपा जी तीनमध्येच होती. राखाडी कोट, केस आईसारखे. डोळे मिटलेले.
दार बंद झालं.
प्रयोगानंतर कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा घेतला. म्हणाली, बाबा, तुमचा आवाज आला की मी डोळेच मिटायची. लहानपणी तुम्ही बाथरूममध्ये वाक्यं घोकायचात ना, मी बाहेर जिन्यावर बसून ऐकायची. तस्सा आवाज आहे अजून. आणि एकदासुद्धा खोकला नाहीत! मला इतकं बरं वाटलं.
आत्ता सांगावं असं दोनदा मनात आलं. केक खाल्ला.
मग चमचा ढवळत म्हणाली, उद्या प्रयोग नसेल ना? जेवायला या. मटण भाजणार आहे. मुलांनी तुम्हाला एकदाच पाहिलंय, धाकटा तर विचारतो आजोबा खरे आहेत का.
मी म्हटलं, रविवार जमायचा नाही गं. प्रमुख भूमिका म्हणजे आवाजाला एक दिवस संपूर्ण विश्रांती लागते.
का म्हटलं? सवय. दुसरं काय.
ती म्हणाली, ठीक आहे, बाबा.

२१ फेब्रुवारी, रविवार
सकाळी नऊला ठरवलं: खाली जाऊन फोन करायचा, येतो म्हणून सांगायचं. गाडी अकराची.
साडेनऊला दाढी केली. कोट घातला. घरमालकीण मिसेस ऑलरेनशॉ बहिणीकडे निघाल्या होत्या, दारातून ओरडून गेल्या, मिस्टर थ्रप, हॅम झाकून ठेवलंय, बटाटे तुमचे तुम्ही उकडा. फोनपाशी गेलो. काय बोलायचं याची दोनदा तालीम केली. मग वाटलं, अकरा वाजायचेत, घाई कशाला.
गाडी गेली. पुढची एकची होती. तीही गेली.
हॅम खाल्लं. बटाटे उकडले नाहीत.
संध्याकाळी सातला पाच कमी असताना कोटासकट खुर्चीत बसलो होतो. दारावर टकटक झाल्यासारखं वाटलं. उठून पाहिलं. रविवारी कोण येणार?
आज दिवसभर कोणाशी एक शब्द बोललो नाही. आवाजाला संपूर्ण विश्रांती मिळाली.