विष्णुपंतांच्या दिव्यावरचा बुलबुल

२ एप्रिल १९७२, राहुरी

सकाळचे दोन-अडीच तास एका गरुडापायी गेले. धरणाच्या कडेला, बाभळीच्या शेंड्यावर बसला होता. हलत नव्हता, म्हणून मीही हललो नाही. पायाला मुंग्या आल्या, मग खरोखरच्या मुंग्याही आल्या! शेवटी काट्यांतून जवळ गेलो. खताचं पोतं! वाऱ्यानं उडून अडकलेलं. पँट गुडघ्यावर फाटली ती वेगळीच.

दोष दुर्बिणीचाही आहे. भिंगारच्या जुन्या बाजारातली, लष्करानं निकालात काढलेली. डाव्या भिंगात बुरशी. त्यामुळे उजव्या डोळ्यानं बघायचं नि डावा मिटायचा. कालवा कचेरीतले म्हणतात, हेमचंद्र पाखरांना डोळा मारतो. मारतो तर मारतो. माणसांना मारण्यापेक्षा बरं.

खोलीवर आलो तर नगरहून मावशीचं कार्ड. "येत्या रविवारी देवळाली प्रवरा. विष्णुपंत मास्तरांची शोभा. अधिक महिना लागायच्या आत बघून टाकू. इस्त्रीचा शर्ट घाल. दुर्बीण आणू नकोस." शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा.

श्रीगोंद्याचं ती अजून विसरलेली नाही. तिथं मुलगी चहा घेऊन आली आणि नेमका त्याच वेळी तिच्यामागं अंगणात हुदहुद उतरला, तुरा उभारून! मी "अरे, हुदहुद!" म्हणत ताडकन उभा राहिलो. ट्रे उडाला. मुलीच्या वडिलांना वाटलं, मला फेफरं येतं. नकार त्याच संध्याकाळी.

तेहतीस वर्षं पूर्ण. आई असती तर एव्हाना तिनं हात टेकले असते. मावशी टेकत नाही.

९ एप्रिल

शर्ट इस्त्रीचा. दुर्बीण घरी. "मान खाली घालून बसायचं, विचारलं तेवढंच बोलायचं," असं मावशीनं येष्टीत दोनदा माझ्याकडून म्हणवून घेतलं.

आणि बसवलं कुठं? पडवीत, दिव्याखाली. दिव्याच्या शेडवर बुलबुलाचं घरटं! मादी आत बसलेली. शेपटीखालचा लाल ठिपका अगदी माझ्या नाकासमोर. आता मान खाली कशी राहणार? मुलगी आली. पोह्यांची बशी दिली, ती घेतली. मुलगी जाऊन दाराशी उभी राहिली. विष्णुपंत म्हणाले, "काय विचारायचं ते विचारा, संकोच करू नका."

मी विचारलं, "अंडी किती आहेत?"

मावशीनं मांडीला चिमटा काढला. तेवढ्यात दाराकडून आवाज आला. "तीन होती. एक सरड्यानं नेलं." मग, "ती बाहेरून आली की सरळ घरट्यात येत नाही. आधी दोरीवर बसते, मग खुंटीवर. कुणाचं लक्ष नाही असं वाटलं की मगच आत. दोरीवर लुगडी वाळत असली की गोंधळते, म्हणून आम्ही कपडे मागं वाळत घालतो."

मी घरट्याकडे बघत होतो, पण कान दाराकडे. असं बघणारं माणूस मला आजवर भेटलं नव्हतं. मला वाटायचं, या जिल्ह्यात मी एकटाच वेडा. विष्णुपंत म्हणाले, दिवा लावत नाही सध्या, कंदिलावर भागवतो. वा रे घर!

येष्टीत मावशीनं भीतभीत विचारलं, "कशी वाटली?"

"पसंत!"

मावशीनं समोरच्या बाकाची दांडी घट्ट धरली. "नाकीडोळी नीटस आहे ना रे?"

म्हटलं, "आहे." आणि मग लक्षात आलं, मी मुलीकडे बघितलंच नाही. एकदाही नाही!

१२ एप्रिल

चेहरा आठवायचा प्रयत्न करतोय. बांगड्या हिरव्या. बाकी बुलबुल.

तिकडे होकार पोचला. अधिक वैशाख संपला की तारीख धरायची म्हणतात.

१६ एप्रिल

आज जे केलं ते लिहायची लाज वाटते, पण इथं नाही लिहायचं तर कुठं?

पाटाची पाहणी करायची म्हणून देवळालीला गेलो. रविवारी पाहणी! बंधाऱ्यावर बाभळीआड बसून मास्तरांच्या घराकडे दुर्बीण लावली. निदान नवरीचं तोंड तरी कळावं. मागून पाटकरी छगन आला. या भागाचं पाणी सोडणं-बांधणं त्याच्याकडे.

"भाऊसाहेब, ह्ये काय? तिकडं बाया धुनं धुत्यात."

"पक्षी बघतोय, छगन."

"व्हय, व्हय. लई पक्षी हायेत तकडं."

मग म्हणाला, चला मास्तरांकडं, पानी तरी प्या, तोंड किती लाल झालंय. नको नको म्हणत असताना नेलंच. विष्णुपंत गावात गेलेले. एका मुलीनं पाणी आणलं. हातात त्याच हिरव्या बांगड्या. आता मात्र धीर करून वर बघितलं. गोरी, हसरी, छानच आहे शोभा. इतकं हायसं वाटलं! विचारलं, "पिल्लं निघाली का?"

"मला काय माहीत? ते सगळं अंबूताईचं. मी तर म्हणते काढून टाका ते, सगळी घाण खाली पडते."

आणि दाराआडून तोच आवाज. "परवा निघाली. डोळे मिटलेलेच आहेत अजून."

ग्लास हातात तसाच राहिला.

परतताना छगननं सगळं सांगितलं. थोरली अंबिका. लग्नानंतर दोन वर्षांतच नवरा गेला, बापाकडे परत आली, चार वर्षं झाली. "शुभकार्यात म्होरं न्हाई यायचं त्यांनी," तो म्हणाला. म्हणून त्या दिवशी दाराआड. मी शोभाला बघायला गेलो, अंबिकेच्या आवाजाला होकार दिला, आणि दोघींपैकी कुणालाच बघितलं नाही. पोत्याला गरुड म्हणणं परवडलं.

१८ एप्रिल

नगरला जाऊन मावशीला सांगितलं. ती भाजी निवडत होती. निवडतच राहिली. मग म्हणाली, "धाकटीला होकार देऊन आता थोरली मागतोस? हेमू, ती शोभा काय भाजीची जुडी आहे? तिच्याकडे उद्या गाव कसं बघेल?"

विधवेचं ती एका शब्दानं बोलली नाही. मी त्याच भांडणाच्या तयारीनं गेलो होतो.

१९ एप्रिल

गप्प बसून शोभाशी लग्न करावं का? चांगली मुलगी आहे. आणि मग जन्मभर सासुरवाडीला गेलो की पडवीत बसून दाराकडे कान लावायचा! छे. तिघांचंही वाटोळं.

२० एप्रिल

गेलो. विष्णुपंतांसमोर बसलो आणि बुलबुलांवर बोलत राहिलो. नर-मादी ओळखू येत नाहीत, दोघंही पिल्लांना भरवतात, वगैरे वगैरे. मास्तर ऐकत होते. शेवटी हळूच म्हणाले, "हेमचंद्रराव, देण्याघेण्याचं काही मनात आहे का? स्पष्ट बोला."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग एका दमात सगळं बोलून टाकलं. चूक माझी, शोभाची काहीही नाही, माझं मन अंबिकाबाईंकडे आहे.

मास्तर उठले. उपरणं खांद्यावर घेतलं, आत गेले. आलेच नाहीत परत. किती वेळ बसायचं असतं अशा वेळी? वर दोन पिल्लं चोची वासून चिवचिवत होती. मी उठलो.

अंगणात शोभा उभी होती. हसरी नव्हती आज. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "बशी घेताना तुम्ही वर बघत होता. मी तुमच्यासाठी नवं लुगडं नेसले होते."

मी माफी मागितली. ती म्हणाली, "मीच नाही म्हणते. मुलीनं नाकारलं असं सांगा सगळ्यांना. तुमचं काय, तुम्हाला सवय आहे म्हणे." हे श्रीगोंद्याचं इथवर पोचलंय! मग दाराकडे बघून हळू म्हणाली, "पण ताईला विचारलं का कुणी?"

नाही. मी विचारलं नाही. तिच्या वडिलांना सांगून मोकळा झालो. पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा तेच!

२१ एप्रिल

कचेरीत सगळ्यांना सांगितलं, मुलीनं नाकारलं. कुणाला आश्चर्य वाटलं नाही.

२४ एप्रिल

निरोप नाही. धरणाचं पाणी खूप मागं गेलंय, चिखलावर शेकाट्यांची झुंबड. लाल काड्यांसारखे पाय, एकेक पाऊल तोलून टाकतात. एरवी दिवसभर बघत बसलो असतो. आज मन लागलं नाही.

परत येताना टिटवी डोक्यावर आली, ओरडत, झेपा घालत. थांबून पायाशी बघितलं तर वीतभर अंतरावर खड्यांत तिची अंडी! आणखी एक पाऊल टाकलं असतं तर संपलं होतं. टिटवीला अक्कल आहे. वेळेवर ओरडते.

अंबिका चार वर्षं दाराआड. मी मारे प्रेमाच्या गप्पा मारतो, आणि तिला सकाळी चहा लागतो की नाही एवढंसुद्धा मला ठाऊक नाही. ती नाही म्हणाली तर? म्हणू दे. तिचा हक्कच आहे. पण मला फार वाईट वाटेल.

२६ एप्रिल

मावशी अचानक आली. फाटकी पँट रफू केली. जाताना म्हणाली, "इस्त्रीचा शर्ट धुवून ठेव."

२८ एप्रिल

छगन कचेरीच्या दारात सायकल घेऊन उभा. "भाऊसाहेब, अंबिकाताईंचा निरोप हाय. पिल्लं उडाली म्हनल्या. ऐतवारी या. पडवीत त्या सोता बसनार, दाराम्हागं न्हाई. आदी तुमाला नीट बगनार, मंग काय ते सांगनार."

जायला निघाला, सायकल परत वळवली.

"आन दुर्बीन आना म्हनल्या."