पॉइंट सहाचा फरक

प्रिय दादा,

माझं पत्र आलं म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तू पाकिटावरचं अक्षर बघूनच ओळखशील. फोन तीनदा हातात घेतला. पण तुझं ‘बोल रे’ ऐकलं की मी हवापाण्याच्या गप्पा मारून ठेवून देतो, एवढी स्वतःची ओळख मला आता झाली आहे.

रंगखान्यात सगळं ठीक, म्हणजे नेहमीइतकंच बिघडलेलं. मालक अजून पाहुण्यांना लॅबमध्ये आणून ‘हे आमचं मशीन’ म्हणतात. बोट कधी मशीनकडे असतं, कधी माझ्याकडे. मग मी पाठ केलेलं भाषण ठोकतो. मशीन प्रत्येक रंगाचे तीन आकडे देतं: उजळ की काळपट, लाल की हिरवा, पिवळा की निळा. दोन कापडांच्या आकड्यांतलं अंतर काढलं की एकच आकडा उरतो. एकच्या आत असला तर लॉट पास, वर गेला तर परत हौदात. पाहुणे माना डोलावतात. खिडकीपाशी तुझं नजरेनं रंग जुळवायचं टेबल होतं, तिथे आता पाण्याचा कूलर आहे.

तो राखाडी लॉट तू विसरला नसशील. मशीननं पॉइंट सहा दाखवलं होतं. तू मूळ नमुना आणि नवा तुकडा खिडकीत शेजारीशेजारी धरलेस, मान तिरकी केलीस आणि म्हणालास, “पिवळट मारतोय. जाऊ देऊ नकोस हा, बाळ्या.” सगळ्यांसमोर बाळ्या! पंचेचाळिशीच्या, गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या माणसाला! त्या एका शब्दापायी मी जे बोललो, ते हौदावरची माणसं अजून चवीनं सांगतात: “दादा, मशीनला चष्मा लागत नाही. तू डोळे तपासून घे.” सगळे हसले. तूही हसलास. मग तुकडे पुन्हा उचललेस, बराच वेळ पाहत राहिलास आणि खाली ठेवलेस. लॉट गेला. पंधरा दिवसांत मालकांनी तुला गोदामात बसवलं, महिन्याभरात तू घरीच बसलास.

आता खरं सांगतो. मशीनला रोज सकाळी एक पांढरी फरशी दाखवावी लागते. तळहाताएवढी, मखमली डबीत येते. ‘पांढरं म्हणजे हे’ असं त्याला सांगायचं, मग ते दिवसभर त्याच मापानं बोलतं. माझ्या चहाच्या कपाचं झाकण फुटलं होतं आणि फरशी कपावर अगदी बरोबर बसायची. महिनाभर, दादा, मी तिनं चहा झाकला. वाफेची पिवळसर साय तिच्यावर धरली आणि मशीन तिलाच पांढरं समजायला लागलं. नमुन्याचे आकडे त्याआधीचे, लॉटचे चहाच्या दिवसांतले. तुला दिसलेला पिवळेपणा त्याला दिसणार कसा?

तू गोदामात गेलास त्याच आठवड्यात मी फरशी स्पिरिटनं पुसली आणि तोच तुकडा पुन्हा मोजला. एक पॉइंट नऊ. दार लावून सातदा मोजला, एकदा तरी कमी येईल म्हणून. तू तेव्हा खाली गठ्ठे मोजत होतास. दोन जिने उतरायचे होते. मी उतरलो नाही. माल परत आला तेव्हा ‘गिऱ्हाइकाच्या दुकानातल्या दिव्यांचा दोष’ असा दोन पानी खुलासा मीच लिहिला. भाषा उत्तम होती. मालकांनी पाठ थोपटली.

काल वहिनीचा फोन आला. तू म्हणे हल्ली मोजेसुद्धा तिला रंग विचारून घालतोस. आणि गुरुवारी डोळ्याचं ऑपरेशन ठरवून बसलायस. डॉक्टर सांगतायत की मोतीबिंदू अगदी कोवळा आहे, एवढ्यात गरज नाही, तर तू त्यांच्याशीच वाद घातलास: “माझा भाऊ त्यातला आहे. माझ्या डोळ्यांचं त्याच्या मशीनमध्येच निघालंय.” वहिनी म्हणाली, भाऊजी, तुम्हीच समजवा, तुमचं ऐकतील. त्यासाठी हे पत्र. गुरुवारच्या आत पोचावं म्हणून माणसाच्या हाती पाठवतोय. याची प्रत आज सकाळी मालकांच्या टेबलावर ठेवली आहे, म्हणजे मला मागे फिरायला जागा उरणार नाही. लॉट पिवळटच होता, दादा. ऑपरेशन रद्द कर. आणि डॉक्टरांना सांग, मशीनमध्ये काही निघालं नव्हतं, भावात निघालं.

तुझाच,
धाकटा