सतरा नंबरचा उंदीर गाठीसकट भरून देण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
प्राणी-प्रयोग नीती समिती,
नर्मदातीर वैद्यक संशोधन संस्था, जबलपूर

विषय : उंदीर क्र. १७ भरून देणे अशक्य असल्याबाबत व उरलेल्या चार उंदरांच्या तातडीच्या तपासणीबाबत.
संदर्भ : भांडार विभागाची नोटीस, दि. ५ नोव्हेंबर २०१३.

महोदय,

आपण मराठी जाणता, म्हणून अर्जदार घरच्या भाषेत लिहीत आहे. अर्जदार तुळशीराम बोंदरे, राहणार पनागर, हा एकोणीस वर्षे प्राणिगृहात परिचर आहे.

१. संशोधक डॉ. वसुधा मॅडम उंदरांच्या अंगात कर्करोगाच्या चमकणाऱ्या पेशी सोडतात. दर सोमवारी उंदराला बेशुद्ध करून काळ्या पेटीत ठेवतात. ठरावीक प्रकाश पाडला की कातडीखालची गाठ कॅमेऱ्यात उजळून दिसते. पूर्वी गाठ किती वाढली हे पाहायला दर वेळी वेगळा उंदीर मारावा लागे. आता एकच उंदीर जिवंतपणी पुन्हा पुन्हा पाहता येतो. पाहुण्यांना हे अर्जदारच अभिमानाने सांगत असे.

२. २८ ऑक्टोबरच्या फोटोत क्र. १७ ची चमक फुप्फुसांपर्यंत गेली होती. समितीच्या नियमाप्रमाणे त्याच दिवशी त्याला मरण द्यायला हवे होते. अर्जदार म्हणाला, "मॅडम, हा खाऊन नाही राहिला. श्वासाला पोट ओढून राहिला." मॅडम वाईट नाहीत. पडद्याकडे पाहत म्हणाल्या, "तुळशीरामजी, इतका साफ फोटो कधी आला नाही. दिवाळीनंतरचा एकच सोमवार थांबू." मग त्या नागपूरला गेल्या.

३. तीन दिवस अर्जदाराने भिजवलेला दाणा त्याच्या तोंडाशी धरला. तो पाठ वाकवून कोपऱ्यात बसून राही. ३१ तारखेला अर्जदाराने शिकवल्याप्रमाणे त्याला गॅसच्या डब्यात ठेवले, हालचाल थांबेपर्यंत झाकणावर हात ठेवला आणि रजिस्टरात स्वतःच्या नावाने नोंद केली.

४. नोटिशीत अर्जदाराला निलंबित करून क्र. १७ ला 'संस्थेची मालमत्ता' म्हटले आहे. त्याच वयाचा, त्याच जागी तेवढीच गाठ असलेला उंदीर आठ दिवसांत जमा करावा, अन्यथा निलंबन कायम, असा हुकूम आहे. भांडारात विचारले तर फॉर्मात 'भरून देणे' याखेरीज दुसरा रकानाच नाही म्हणाले. असा उंदीर द्यायचा म्हणजे अर्जदाराने एका धडधाकट जिवाला तो आजार लावायचा आणि गाठ मापात येईपर्यंत बघत बसायचे. ते त्याच्याने होणार नाही.

तरी निलंबन ठेवावे, तक्रार नाही. परंतु क्र. १८ ते २१ हे गाठ असलेले चौघे ११ तारखेच्या फोटोसाठी राखून ठेवले आहेत आणि अर्जदाराकडून चावी काढून घेतली आहे. सोमवारची वाट न पाहता आपण स्वतः आत जावे. शेवटचे पाहिले तेव्हा एकवीस नंबर पाण्याच्या नळीपर्यंतही पोचत नव्हता.

आपण आत गेल्याचे कळण्याची वाट पाहणारा,
तुळशीराम बोंदरे
परिचर (निलंबित)
जबलपूर, दि. ७ नोव्हेंबर २०१३

सोबत : नोटिशीची प्रत, ३१ ऑक्टोबरच्या नोंदीची प्रत.