चौदा फुटांवरचा खडक

३ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. दर पत्रात विचारतेस म्हणून आधी तुझ्याच गल्लीचं सांगतो. भूकंपात शहराचा कोणता भाग किती हलेल, याचा आमचा नकाशा पुरा होत आला. तुझ्या दाराशी बोअर घेतलं, चौदा फुटांवर खडक लागला. खडकावरची घरं कमी हलतात, म्हणून तुझी गल्ली हिरवी रंगवली. आता पाळणाघरातल्या बावीस पोरांची काळजी सोड. पंधरा तारखेला नकाशा छापायला जातो. लोभ आहेच, रागावणंही चालू ठेव.
तुझा धाकटा

७ जून

चि. धाकट्यास,
अ. आ. पत्राने हायसं वाटलं, ते दुपारपर्यंतच टिकलं. खडक कुठला रे? तू रांगत होतास तेव्हा इथे बाबांची वीटभट्टी होती. माती खणून खणून चांगला चाळीस फूट खड्डा झाला होता, तो पुढे पावसाच्या गाळाने अर्ध्याहून जास्त भरला. भट्टी मोडताना जळून काळ्या पडलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या विटा त्यांनी त्यातच लोटल्या आणि वर भराव घातला. तुमचं यंत्र त्यांवरच अडलं नाही ना?
दोनदा हे पत्र लिहून फाडलं. गप्प बसले असते तर गल्ली हिरवीच राहिली असती, आणि पाळणाघर सुटलं तर मला दुसरं काही येत नाही. पण पोरं दुपारी ओळीने झोपतात आणि मी नुसती येरझाऱ्या घालते. परत खण. उत्तराला उशीर केलास तर कान उपटीन, मायेनेच.
ताई

११ जून

ती. ताईस,
शि. सा. न. परत खणलं. विटाच निघाल्या, एकीवर बाबांच्या अंगठ्याची खूण आहे. खाली एकोणचाळीस फुटांपर्यंत मऊ गाळ, आणि असा गाळ हादरा वाढवतो. खणणाऱ्यांनी लिहिलेला ‘खडक’ मी न तपासता उचलला. साहेब सगळ्यांसमोर बोलले, मी ऐकून घेतलं. तुझी गल्ली आता लाल आहे. पाळणाघर हलवायची नोटीस माझ्याच सहीने येईल. तू कळवलंस कशाला, असं क्षणभर मनात आलं, त्याची फार लाज वाटते. तरी माया कमी करू नकोस.
धाकटा

१४ जून

चि. धाकट्यास,
अ. आ. नोटिशीची वाट न बघता पोरं हलवली. सहा जणांच्या आयांनी लांब पडतं म्हणून नावं काढली. मी त्या रिकाम्या खोलीत बसून पोटभर रडले, आता बरी आहे. नवी जागा शाळेमागे आहे. तिथली जमीन तुझ्या नकाशात हिरवी आहे म्हणे. ती तू स्वतः तपासलीस, की कुणीतरी लिहून दिलेली? उलट टपाली कळव. तोवर दुपारी पोरांना आत झोपवत नाही, झाडाखाली घेऊन बसते. जेवत जा वेळेवर.
ताई